मोठ्या माणसाचे कार्डिगन आणि एका इंचाचा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ग्वाल्हेरची थंडी डिसेंबरच्या मध्यापासून हाडात शिरते. त्याआधी, दिवाळी झाली की महाराज बाडा या बाजारचौकाच्या आसपास लोकरीचे गोळे दिसू लागतात आणि आपल्या पुरवणीत विणकामाचे नमुने येतात. त्यांत ‘८ नंबरची सुई, ११० टाके’ एवढे छापलेले असते. एका इंचात किती टाके यायला हवेत, ते नसते. टोपी, मोजे, तान्ह्या बाळाचा स्वेटर यांत हे खपून जाते. पहिल्यांदाच मोठ्या माणसाचे कार्डिगन विणायला घेणारीची महिन्याभराची मेहनत मात्र इथेच वाया जाते.

हिशेब पाहा. ८ प्लायची (मध्यम जाडीची) लोकर आणि ४ मिमीची सुई घेतली तर साधारणपणे ४ इंचांत २२ टाके आणि ३० ओळी बसतात, म्हणजे इंचाला साडेपाच टाके. छाती ३६ इंच असेल तर आतल्या कपड्यांसाठी ४ इंच सैल धरून घेर ४० इंच, म्हणजे २२० टाके. पैकी पाठीला ११०. आता हात जरा सैल असला आणि इंचाला पाचच टाके आले, तर त्याच २२० टाक्यांचा घेर ४४ इंच होतो. फरक अर्ध्या टाक्याचा, पण कार्डिगन दुसऱ्याच कुणाच्या अंगाचे! २४ इंची बालस्वेटरमध्ये हीच चूक अडीच इंचांच्या आत राहते आणि पोर तेवढे वाढतेच, म्हणून ती कुणाच्या लक्षात येत नाही.

यावर उपाय एकच. ६ इंचांचा चौकोन आधी विणायचा, एक ओळ सुलट, एक उलट. तो धुऊन, सपाट वाळवून, कडा सोडून मधले ४ इंच पट्टीने मोजायचे. धुण्याचा कंटाळा करू नये. खरी लोकर पाण्यात सैलावते आणि कोरड्या चौकोनाचे माप खोटे ठरते. २२ ऐवजी २० टाके आले तर सुई बारीक घ्यावी, २४ आले तर जाड. ‘मी हात घट्ट ठेवीन’ असे ठरवून काही होत नाही, दहा ओळींत हात आपल्या सवयीवर येतो.

सुईच्या नंबराचाही घोळ आहे. आपल्याकडे जुने इंग्रजी नंबर चालतात, नंबर वाढला की सुई बारीक: ८ नंबर म्हणजे ४ मिमी, १० नंबर म्हणजे सव्वातीन मिमी. अमेरिकन नंबर नेमके उलटे, नंबर वाढला की सुई जाड, आणि त्यांची ८ नंबरची सुई ५ मिमीची. मोबाइलवर तिकडचा व्हिडिओ पाहून बाड्यावर ‘आठ नंबर की सलाई’ मागितली की चूक तिथेच पक्की होते. दुकानदाराचा यात दोष नाही. नमुन्यात मिलिमीटर छापले तर हा प्रश्नच उरत नाही.

वर धरलेल्या मापाला, पूर्ण बाह्यांसह, ५०० ते ५५० ग्रॅम लोकर लागते. ती एकाच वेळी आणि एकाच लॉट नंबरची (एकाच वेळी रंगवलेली) घ्यावी, एखादा गोळा जास्तच. दुसऱ्या लॉटचा रंग दुकानाच्या दिव्यात सारखा दिसतो, पण उन्हात पाठीवर आडवी रेघ उमटते. तरी कमी पडलीच, तर वेगळा लॉट काठ आणि बटणपट्टी यांना वापरावा, तिथे विणच वेगळी असल्याने फरक लपतो. ज्याला कॅशमिलॉन म्हणतात त्या ॲक्रिलिकवर गरम इस्त्री कधीही ठेवू नये. एकदा का ते लुळे पडले की पुन्हा उभारी धरत नाही.

आता बेतणी, आधी पाठीची. खालचा अडीच इंचांचा काठ दोन नंबर बारीक सुईवर, म्हणजे १० नंबरवर, एक टाका सुलट एक टाका उलट. पुढे ८ नंबरवर, सुरुवातीपासून १५ इंच होईपर्यंत सरळ. मग मुंढ्यासाठी, म्हणजे बाही जोडायच्या खाचेसाठी, दोन्ही बाजूंना ६-६ टाके बंद करायचे आणि एकाआड एक ओळीत, कडेचा एक टाका सोडून, दोन्हीकडे एकेक टाका ९ वेळा कमी करायचा. राहिले ८०: खांद्यांना २४-२४, मधे गळ्याला ३२. मुंढा साडेआठ इंच उंच झाला की खांदे बंद.

पुढचा प्रत्येक भाग ५२ टाक्यांचा. ५५ का नाही? सव्वा इंचाच्या दोन बटणपट्ट्या एकमेकींवर येतात, त्यांची रुंदी घेरातून आधीच वजा करावी लागते.

सर्वांत जास्त रडू आणणारी चूक इथली: पुढचे दोन्ही भाग एकाच बाजूचे विणले जातात. अंगावर घातल्यावर जो डावा, त्याचा मुंढा सुलट ओळीच्या सुरुवातीला बंद होतो आणि उजव्याचा उलट ओळीच्या सुरुवातीला. काठाजवळ रंगीत दोरा बांधून ‘डावा’, ‘उजवा’ अशी खूण ठेवावी. आणि पाठ व पुढचे भाग मुंढ्यापर्यंत टेपने नव्हे, ओळी मोजून सारखे करावेत. लोकर ओढली तशी लांबते. टेपने जुळवलेले भाग शिवताना एक बाजू चुणते.

बाह्या दोन्ही एकाच सुईवर, दोन गोळे लावून विणाव्यात, म्हणजे लहान-मोठ्या होत नाहीत. मनगटाला ५० टाके, काठानंतर दर ८ ओळींनी दोन्ही बाजूंना एकेक, असे १२ वेळा वाढवून ७४. सतरा इंचांवर ६-६ बंद, मग एकाआड एक ओळीत दोन्हीकडे एकेक २० वेळा कमी, उरलेले २२ एकदम बंद. हा गोलवा मुंढ्यात बरोबर बसतो.

बटणपट्टीकडे घाई होते, कारण सगळे संपत आलेले असते. कडेवरून टाके उचलताना चार ओळींना तीन टाके हे प्रमाण ठेवावे: १६० ओळींच्या कडेला १२०. प्रत्येक ओळीतून टाका उचलला तर पट्टी झालरीसारखी होते. फार कमी उचलले तर कड आखडते आणि कार्डिगन पुढून वर चढते. आधी बटणांची पट्टी पूर्ण करावी, त्यावर ७ टाचण्या सारख्या अंतराने लावाव्यात, मग त्याच ओळीत समोर काजे. बायकांच्या कार्डिगनला काजे उजवीकडे, पुरुषांच्या डावीकडे.

आणखी एक. अर्ध्या किलोचे वजन खांद्यांवरच लोंबते, म्हणून खांद्याची शिवण पक्की हवी. नुसती घडी घालून टाके ओढले तर ती पहिल्या धुण्यात उतरते. आतून अरुंद सुती फीत लावलेली बरी. आणि हे कार्डिगन हँगरवर टांगू नये, घडी करून ठेवावे.

रोज दीड तास दिला तर दिवाळीनंतर घातलेले टाके संक्रांतीच्या आत अंगावर येतात. तेव्हा पुढच्या नमुन्यासोबत तीन ओळी जरूर छापाव्यात: सुई मिलिमीटरमध्ये, ४ इंचांतले टाके आणि ओळी, आणि तयार कार्डिगनचा घेर. आकृतीसाठी जागा नसेल तर फोटो लहान करा, पण या तीन ओळी गाळू नका.

– विणकाम करणाऱ्या काही वाचक भगिनी, लष्कर, ग्वाल्हेर