आयसीयूच्या दारातून एक माणूस तरी आत सोडा

संपादक साहेब, नमस्कार.

पंधरा दिवसांखाली आमच्या चुलत काकूला स्क्रब टायफसनं आयसीयूत टाकलं, निंदणाला गेली होती, काखेत काळी खपली निघाली न् तापच उतरेना. आम्ही चौघं जण दीड तास एसटीत उभे राहून जिल्ह्याला पोचलो तर गेटवरचा गार्ड म्हणे, इन्फेक्शनचा पेशंट हाय, कोणीच आत जायचं नाही. आता हा आजार गवतातला एक बारीक किडा चावून होतो, माणसापासून माणसाला लागतच नाही. डेंग्यूचंही तसंच, मच्छराशिवाय तो कुठं जात नाही. चांदीपुरा व्हायरस तर १९६५ मध्ये आपल्या नागपूरकडच्या चांदीपुऱ्यातच सापडला, गावाचंच नाव पडलं त्याला, तोही सँडफ्लाय माशीनं पसरतो. मग आम्हाला नेमकं कशासाठी अडवलं? आमच्यामुळे आतल्या पेशंटला काही होऊ नये म्हणून हात धुवायला लावा, चपला काढायला लावा, कबूल आहे. पण साथ म्हटली की सरसकट दार बंद, ही कोरोनात लागलेली सवय काही सुटेना.

कोरोनाचंच सांगतो. मार्च २०२१, अमरावती-यवतमाळकडे दुसरी लाट आधीच चढली होती. बाबांना डाव्या कानानं अजिबात ऐकू येत नाही, उजव्या कानाला मशीन लागते. ॲडमिट करताना चष्मा, अंगठी, मशीन सगळं एका पिशवीत बांधून माझ्याच हातात दिलं न् मीही येड्यासारखं घेऊन आलो. सात दिवस फोनवर एकच, पेशंट रिस्पॉन्स देत नाही, चिडतो, ऑक्सिजनचा मास्क ओढतो, हात बांधून ठेवावे लागतात. आठव्या दिवशी एका सिस्टरनं (तिचं भलं होवो) स्वतःच्या मोबाइलवरून व्हिडिओ कॉल लावून दिला, मी इकडे ओरडतोय न् बाबा नुसते माझ्या तोंडाकडे पाहतात, तेव्हा डोक्यात आलं की अरे, यांना ऐकूच येत नाहीये, आन् तिथं सगळ्यांच्या तोंडाला मास्क, म्हणजे ओठ पाहून जे थोडंफार समजायचं तेही गेलं. मशीन डब्यात घालून वॉर्डबॉयच्या हाती पाठवली. तासाभरात बाबांनी पाणी मागितलं म्हणे.

पाच मिनिटं आत गेलो असतो तर हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. घरचा माणूस आत गेला म्हणजे नुसती भेट होत नाही, पेशंटची खरी माहिती आत जाते. आयसीयूत रात्रंदिवस लाइट, मशीनचे आवाज, यानं म्हातारी माणसं भ्रमात जातात, ओळखीचा आवाज ऐकला की जरा शांत होतात, हे तर डॉक्टरच सांगतात.

जुलै २०२० मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी राज्यांना लिहिलं होतं की कोविड वॉर्डातल्या पेशंटना मोबाइल वापरू द्या. चांगलंच आहे, पण आमच्या गावात रेंज पाण्याच्या टाकीजवळ गेल्यावर येते, आईनं काय टाकीखाली उभं राहून नवऱ्याला पाहायचं? काँगोत २०१८ च्या इबोलाच्या साथीत पारदर्शक प्लास्टिकच्या खोल्या वापरल्या, पेशंट आत, घरचे बाहेरून पाहू शकतात, बोलू शकतात. इबोला म्हणजे पेशंटच्या रक्ता-उलटीला हात लागला तरी लागणारा न् पुष्कळांचा जीव घेणारा आजार, तुम्हाला माहीतच आहे. आपल्याकडे आयसीयूला काच असते तिलाही आतून पांढरा कागद चिकटवलेला. तो कागद काढायला काय खर्च येतो?

माझं म्हणणं एवढंच की लागण होणारा आजार असला तरी रोज एक माणूस, दहा-पंधरा मिनिटं. धडधाकट असावा, ताप-खोकला नको, गरोदर बाई नको. मास्क चेहऱ्याला नीट बसतो का ते कोणीतरी पाहावं, किट घालताना एक जण जवळ हवा आन् काढताना तर हवाच हवा, कारण घोळ काढतानाच होतो, माणूस घामेजलेला असतो न् ग्लोव्हजचाच हात डोळ्याला लावतो. मोबाइल आत नको, न्यायचाच तर पारदर्शक पिशवीत. नाव-नंबर रजिस्टरला लिहून घ्या न् पुढं काही दिवस फोन करून ताप आला का विचारा. ज्याला आत जायची भीती वाटते त्याला कोणी ढकलू नये.

सिस्टरलोकांवर आधीच कामाचा डोंगर आहे हे मी डोळ्यांनी पाहिलंय, हे पण त्यांच्याच गळ्यात नको. नर्सिंग कॉलेजची पोरं-पोरी या कामाला लावता येतील. आणि भेटीची वेळ जरा एसटी पाहून ठेवा, संध्याकाळी पाच ते सहा ठेवली तर आमची शेवटची गाडी साडेपाचला सुटते, मग रात्र टिनाच्या शेडमध्येच.

परवा गेटवर आमच्यासमोर एका पुढाऱ्याच्या माणसाला फोन आल्याबरोबर आत सोडलं, त्याला किट ना मास्क. म्हणजे नियम आहे की नाही? असेल तर तो लिहून गेटवर लावायला सांगा, तुमच्या वार्ताहरानं सिव्हिल सर्जन साहेबांना एवढं जरी विचारलं तरी पुष्कळ.

काकू आता वॉर्डात आहे, ठीक आहे. बाबाही आहेत, पण "तू त एक खेप बी नाई आला मले पाहाले" हे ऐकवल्याशिवाय त्यांचा एक सण जात नाही, आन् तेवढ्यासाठी मशीन मात्र आठवणीनं कानात घालतात.

आपला,
एक वाचक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ