तक्रार: आडगावच्या डिझेल टाकीचा ‘नील’ अहवाल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा
(आणि हे पत्र शेवटी ज्यांच्या टेबलावर पडून राहील ते)

विषय: आमच्या यार्डातल्या जमिनीखालच्या डिझेल टाकीची गळती, तुमचा 41 पानी ‘नील’ (म्हणजे काहीच सापडलं नाही असा) अहवाल आणि काल तुमच्या टेक्निकल मॅनेजरनी मला दिलेला सल्ला.

काल मी तुम्हाला सहाव्यांदा फोन केला. सातव्यांदा करणार नाही, म्हणून लिहितोय.

टाकी कशी गळते हे तुम्हाला शिकवत बसत नाही, तो तुमचा धंदा आहे. काम काय होतं तेवढी आठवण देतो. नाशिकजवळ आडगाव शिवारात मुंबई-आग्रा हायवेला लागून आमचं ट्रकचं यार्ड आहे. वडिलांनी 1991 साली घरच्या गाड्यांसाठी वीस हजार लिटरची लोखंडी टाकी पुरली, एकेरी पत्र्याची. गेल्या पावसाळ्यात डिपच्या कांडीला लावलेल्या पेस्टचा रंग तळाशी बदलायला लागला, म्हणजे टाकीत पाणी. दिवाळीनंतर उलटं झालं, दर आठवड्याला चाळीस-पन्नास लिटर डिझेल कमी भरायला लागलं. जमिनीतलं पाणी वर होतं तेव्हा ते आत येत होतं, ते खाली गेल्यावर डिझेल बाहेर जात होतं. हे आज कळतं. तेव्हा मी चार महिने रात्रीच्या वॉचमनवर संशय घेतला आणि तो बिचारा काम सोडून गेला. त्याचा हिशेब तुमच्याकडे मागत नाही, तो माझा आहे.

मार्चमध्ये शेजारच्या मळ्यातल्या आक्का बांधावर येऊन म्हणाल्या, “भाऊ, चहाला घासलेटचा वास येतोय.” त्यांची विहीर आमच्या टाकीपासून नव्वद पावलांवर, उताराच्या अंगाला. जाऊन पाहिलं तर पाण्यावर तवंग, सकाळच्या उन्हात मोरपिसासारखा चमकत होता. त्याच आठवड्यात तुम्हाला काम दिलं. दोन लाख अधिक जीएसटी, एकूण 2,36,000 रुपये, सगळे आगाऊ. गळती माझ्या टाकीची आहे का, असेल तर डिझेल किती खोल आणि किती लांब गेलंय, एवढंच मला हवं होतं.

तुमची माणसं मे महिन्यात आली. टाकीच्या वरच्या अंगाला एक आणि विहिरीच्या बाजूला तीन बोअर घ्यायचे, असं प्रस्तावात होतं. घेतले तीन. तिन्ही हायवेच्या बाजूला, कंपाउंडच्या भिंतीला धरून, एका रांगेत. कारण? बोअरची गाडी पलीकडे वळत नव्हती. डिझेल गेलं असणार गोदावरीच्या उताराकडे आणि तुम्ही शोधलं हायवेकडे. भूजलाची दिशा काढायला किमान तीन बोअर त्रिकोणात लागतात आणि त्यांच्या तोंडांची उंची मोजावी लागते. हे मी इंटरनेटवर वाचलेलं नाही, तुमच्याच प्रस्तावाच्या पान 6 वर आहे. आकृतीसकट, रंगीत.

आणि ही आडगावची जमीन आहे. वर काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या (मऊ खडक) आणि त्याखाली काळा पाषाण. इथं पाणी खडकाच्या फटींतून चालतं. वीस फुटांवरच्या दोन बोअरपैकी एकाला पाणी लागतं आणि दुसऱ्यातून नुसता फुफाटा उडतो. अशा ठिकाणी बोअरची जागा चुकली की सगळंच चुकलं.

पुढचं ऐका. मे महिन्यात पाणी होतं 24 फुटांवर. तुम्ही केसिंगला, म्हणजे बोअरच्या पाइपला, पाणी आत यायची जाळी ठेवली 40 फुटांच्या खाली, वर सगळा बंद पाइप. डिझेल पाण्यापेक्षा हलकं असतं, ते वर तरंगतं. घरातल्या कोणत्याही बाईला विचारा, साय काढायची तर ती पातेल्याच्या तळातून काढत नाहीत.

आता बाटली. नमुने घ्यायला आलेला तुमचा पोरगा गुणी होता, त्याच्यावर राग नाही. त्याने मला विचारलं, “काका, एखादी रिकामी बाटली आहे का?” मला वाटलं पाणी प्यायचं असेल. मी ऑफिसातून मिनरल वॉटरच्या तीन रिकाम्या बाटल्या दिल्या. त्याने त्यात बोअरचं पाणी भरलं, निम्म्यापर्यंत, झाकणं लावली आणि जीपच्या डॅशबोर्डवर ठेवली. मे महिन्यातल्या दुपारी दीड वाजता! तुमच्या प्रस्तावाचं पान 9 माझ्यासमोर आहे: चाळीस मिलीच्या काचेच्या कुप्या, टेफ्लॉनचं अस्तर असलेलं झाकण, आत हवेचा बुडबुडा नको, आम्ल घालून बर्फात चार अंशांना ठेवायच्या. जे शोधायचं तेच उडून जातं म्हणून एवढा बंदोबस्त असतो ना? मग डॅशबोर्डवर काय ठेवलं होतं, लोणचं मुरायला?

अहवालात मात्र ‘नमुने विहित पद्धतीने गोळा केले’ असं छापलंय.

त्या अहवालाबद्दल थोडक्यात. पीएच आहे, टीडीएस आहे, कडकपणा, क्लोराइड, बीओडी, कोलिफॉर्म सगळं आहे. एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन, बेंझीन, टोल्युइन, झायलीन, नॅप्थलीन या रकान्यांत ‘लागू नाही’. डिझेलच्या गळतीत डिझेलच लागू नाही! फक्त ‘तेल व ग्रीस: आढळले नाही’ अशी एक ओळ. ती चाचणी द्रावक उडवून मागे उरलेलं वजन करण्याची, त्यात हलके घटक द्रावकाबरोबरच उडतात, हे मला सांगायला लागावं? डिझेलमध्ये बेंझीन पेट्रोलपेक्षा बरंच कमी असतं, मान्य. पण जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी त्याची मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे 0.01 मिलिग्रॅम ठेवली आहे. आक्का ते पाणी पीत होत्या.

पान 14 वर लिहिलंय की ‘सदर स्थळ समुद्रकिनाऱ्यापासून 2 किमी अंतरावर असून माती वालुकामय आहे’. कुंभमेळ्याला नाशकात बरंच काही येतं. समुद्र अजून आलेला नाही.

आता कालचा फोन. शनिवार, दुपारी 12.40. सतरा मिनिटं बासरी ऐकवल्यावर टेक्निकल मॅनेजर लाइनवर आले. पुढचं मी फोन ठेवल्या ठेवल्या डायरीत उतरवून ठेवलंय.

मी म्हणालो, अहवाल चुकीचा आहे. ते म्हणाले, “सर, तुमचा रिपोर्ट नील आहे. नील म्हणजे चांगलं असतं.” अगदी समजावणीच्या सुरात, आजोबांना मोबाइल शिकवावा तसं. मी म्हणालो, चांगलं असतं ते कळतं, पण शेजारच्या विहिरीवर तवंग आहे. ते म्हणाले, “सर, असं स्वतःहून बोलू नका. हा कॉल रेकॉर्ड होतो.” मला आधी कळेचना. मी म्हणालो, होऊ द्या की रेकॉर्ड, मी खरं बोलतोय. मग ते हसले. हसून म्हणाले, “अहो, बाकीचे क्लायंट नील रिपोर्टसाठीच आमच्याकडे येतात. तुम्हाला तर तो पहिल्याच फटक्यात मिळाला.” मी गप्प. त्यांना वाटलं मी विचार करतोय, म्हणून वर आणखी सांगितलं, “आणि पॉझिटिव्हच पाहिजे असेल, तर त्याचं वेगळं कोटेशन काढावं लागेल.”

पॉझिटिव्हचं वेगळं कोटेशन! म्हणजे तुमच्याकडे उत्तरांचं दरपत्रक आहे. डाळ फ्राय आणि डाळ तडका असावं तसं. मला ते आधीच दाखवायचं होतं ना, निदान बघून ऑर्डर दिली असती.

पाण्याच्या प्रदूषणाचा 1974 चा कायदा तुमच्या मॅनेजरना पाठ असेल. त्याच्या कलम 24 मध्ये, जाणूनबुजून विहिरीत किंवा जमिनीवर प्रदूषण करणारं काही जाऊ द्यायचं नाही, असं आहे. ‘जाणूनबुजून’ हा शब्द महत्त्वाचा. मी जाणून घ्यायला तुमच्याकडे आलो होतो आणि तुम्ही मला न जाणण्याची पावती दिलीत, जीएसटी लावून. ती बाहेर दाखवायला चांगली असेल. आक्कांना मी काय दाखवू? त्या दोनदा विचारून गेल्या, “भाऊ, काय आलं तुमच्या रिपोर्टात?”

विहिरीवर तवंग दिसला त्या दिवसापासून टाकी रिकामी करून बंद ठेवली आहे. आक्कांच्या पिण्याच्या पाण्याचा टँकर आमच्या खर्चाने चालू आहे. त्यांची पाच एकर द्राक्षबाग त्याच विहिरीवर आहे, ऑक्टोबर छाटणीच्या आत त्यांना निर्णय घ्यायचाय. त्याआधी पावसाळा येतोय. पाणी चढलं की त्यावरचं डिझेलही चढतं, उतरताना मुरुमाला चिकटून राहतं आणि सगळ्या थराला माखतं. तुमच्या कंपनीने घालवलेला एकेक आठवडा तिथं जमिनीत उतरतोय.

मला हवं आहे ते असं. उताराच्या बाजूला, टाकी आणि विहीर यांच्या मधे नवे बोअर, उन्हाळ्याची आणि पावसाळ्याची दोन्ही पातळ्या जाळीत येतील असे. नमुने काचेच्या कुप्यांत. (काचेच्या. प्लॅस्टिकच्या बाटलीत नाही. पुन्हा लिहितोय, कारण फोनवर चार वेळा सांगून उपयोग झाला नाही.) प्रस्तावातल्या सगळ्या चाचण्या, प्रयोगशाळेचे मूळ आलेख आणि नमुना कोणाच्या हातातून कोणाकडे गेला त्याचा कागद. हे सगळं 15 दिवसांत, माझा एक रुपयाही न घेता. नसेल जमत तर 2,36,000 रुपये परत करा.

दोन्ही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. धंद्यासाठी घेतलेली सेवा त्यात बसत नाही असं तुमचे वकील म्हणतील, मग दिवाणी कोर्ट आहे. अहवालावर एनएबीएलचं (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या मंडळाचं) चिन्ह छापलंय, तिथंही कळवणार. तक्रार आली की तिची नोंद आणि चौकशी करायची हे प्रयोगशाळांसाठीच्या आयएसओ 17025 या मानकात आहे, माझ्या सहा फोनांचा तक्रार क्रमांक मला अजून मिळालेला नाही.

प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मी सोमवारी जाणारच आहे. तुमच्याविरुद्ध नाही, माझ्याच टाकीची माहिती द्यायला. तिथं तुमचा अहवालही जोडावा लागेल. पान 14 वर खूण करून ठेवली आहे.

द्वारकेच्या सिग्नलवर तुमचं होर्डिंग आहे, हिरव्या पानावर पाण्याचा थेंब. ते बघूनच मी तुम्हाला फोन केला होता. आता तिथं लाल सिग्नल लागला की मी मान दुसरीकडे वळवतो.

आपला,
(ग्राहक, पैसे पूर्ण भरलेला)

ता. क. बिलात ‘सॅम्पल कंटेनर, 3 नग’ असे 1,350 रुपये लावले आहेत. त्या बाटल्या माझ्या ऑफिसातल्या होत्या. ती रक्कम कमी करून सुधारित बिल पाठवावे.