दारात आलेलं फायबर

लीड्स
ऑक्टोबर

तीर्थरूप बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

फायबरचं इंटरनेट लागलं एकदाचं! खरं तर फोनवरच सांगता आलं असतं, पण वायर कुठून कुठे गेली हे कळल्याशिवाय तुमचं समाधान होत नाही, आणि दोन मिनिटं झाली की आई फोन हिसकावून घेते. म्हणून लिहितेय.

"विलायतेत राहून साधी लाइन मिळेना?" असं तुम्ही विचारलंत. लाइन होती हो, अगदी फूटपाथखाली येऊन पडलेली. समोरच्या ओळीतल्या घरांना ती केव्हाच मिळाली. घोडं अडलं ते आमच्या फ्लॅटपाशी. इथे फ्लॅट बहुतेक लीजवर असतात. म्हणजे आमचे घरमालक आम्हाला हो म्हणाले, पण जिना, डक्ट आणि बाहेरच्या भिंती त्यांच्या नाहीतच. त्या फ्रीहोल्डरच्या, म्हणजे इमारतीच्या मूळ मालकाच्या, आणि तो मालक दुसऱ्या शहरातली एक कंपनी. सोसायटीच्या सेक्रेटरीला जिन्यात गाठून काम उरकायची सोय नाही. जिन्यातून केबल न्यायची तर 'वेलीव्ह' नावाचा परवानगीचा कागद लागतो, आणि त्यावर सही करायची कुणालाच घाई नव्हती. असा मूळ मालक पत्रांना उत्तरच देत नसेल, तर रहिवाशाच्या मागणीवरून केबल कंपनीला न्यायाधिकरणाकडे जाता यावं, असा कायदा 2021 मध्ये झालाय. आमच्याकडे त्या कायद्याखालच्या नोटिशीचा नुसता विषय निघाला आणि सही झाली! तोवर माझं ऑफिस मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चाललं होतं.

त्यानंतर ठरल्या दिवशी कुणी आलंच नाही. आपल्याकडे केबलवाला "येतो ताई" म्हणून गायब होतो, तसंच. फरक एवढाच, की इथे 2019 पासून भरपाईची योजना आहे. तिच्यात सामील झालेली कंपनी वेळ देऊन आली नाही, तर पैसे न मागता बिलात वळते होतात. मला ते मिळाले. सुट्टी मात्र वाया गेली.

आता तुमच्या आवडीचं. जिन्यातल्या डक्टमधून एकच बारीक केबल आली, आत एकच तंतू. मी विचारलं, जाणारं-येणारं वेगळं नाही? नाही. दोन्हीकडचा प्रकाश वेगवेगळ्या तरंगलांबीचा असतो, त्यामुळे एकाच तंतूतून भागतं. शिवाय मागे प्रकाश वाटून देणारा स्प्लिटर असतो, त्यावर एकाच फायबरमधून कितीतरी घरं. तुमच्या टेलिफोन खात्यात घरटी एक पेअर, तांब्याच्या दोन तारांची जोडी, ओढायचे, त्यांना हे ऐकवा! काचेचा गाभा नऊ मायक्रॉनचा, केसाहून किती तरी बारीक. माणसाने टोकं पुसली, छोट्या मशीनमध्ये समोरासमोर धरली आणि विजेच्या ठिणगीने वितळवून जोडली. मशीनच्या पडद्यावर सांधा किती चांगला बसला तेही दिसतं. भिंतीवर एक पांढरी डबी बसवली, तिच्यातून वायर राउटरला. लाल दिवा जाऊन हिरवा लागला तेव्हा मी त्याला चहा दिला. दूध-साखरेचा, आपला. त्याने अर्धाच प्यायला.

एक गोष्ट तुम्हाला रुचणार नाही. तांब्याची जुनी टेलिफोन व्यवस्था इथे जानेवारी 2027 पर्यंत बंद करायचं ठरलंय. लँडलाइनचा फोनसुद्धा राउटरलाच लावायचा. एक्स्चेंजच्या 48 व्होल्टच्या बॅटऱ्यांवर वादळातही डायल टोन यायचा, हे तुम्ही अभिमानाने सांगता ना? इथे वीज गेली की फोनही गेला. ज्यांचा सगळा भार लँडलाइनवरच आहे, अशांना कंपनीने किमान तासभर 999, म्हणजे इथला आणीबाणीचा नंबर, लावता येईल अशी सोय द्यायची असा नियम आहे. एक तास मला काही पुरेसा वाटत नाही. शेजारच्या आजी एकट्या असतात, त्यांना मी बॅटरीचं विचारून घ्यायला सांगितलंय.

आईला सांगा, रविवारी तुमच्या दुपारी चारला फोन करते. महिनाअखेर इथली घड्याळं तासभर मागे जातील, मग तुमचे पाच वाजतील. आणि त्या वेळी तिने फोन जरा चेहऱ्यासमोर धरावा, मला नेहमी पंखाच दिसतो.

तुमची,
सुमी