बंदूक जमा करायला सांगता, मग ती गाडीतून आणायची कशी तेही लिहून द्या

मा. गृहमंत्री साहेब,
कर्नाटक राज्य, बेंगळूर

सप्रेम नमस्कार.

साहेब, मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला शेतकरी. पीक राखायला घरात लायसनची बंदूक आहे, वडिलांच्या माघारी रीतसर माझ्या नावावर झालेली. जंगलाच्या कडेच्या गावात अशी घरं बरीच आहेत आणि आमचं सगळ्यांचं म्हणणं एकच आहे, ते कुणी नीट ऐकून घेत नाही म्हणून असं उघड लिहायला लागतंय. इलेक्शन लागलं की डीसी साहेबांचा (म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांचा) आदेश निघतो, लायसनच्या बंदुका जवळच्या पोलीस स्टेशनला नाहीतर लायसनवाल्या शस्त्र दुकानदाराकडं जमा करा. आमची त्याला ना नाही. पण त्याच दिवसात दुसरा आदेश पण लागू असतो की सार्वजनिक जागी कुणी हत्यार घेऊन फिरायचं नाही, आणि त्याच दिवसात फाट्या-फाट्यावर नाका, फ्लाईंग स्क्वॉड, प्रत्येक गाडीची डिक्की उघडून तपासणी. मग बंदूक घरातून स्टेशनपर्यंत न्यायची कशी आणि कुठल्या कागदावर, हे दोन्ही आदेशांत कुठंच नसतं.

10 मे 2023 ला विधानसभेचं मतदान झालं, 7 मे 2024 ला लोकसभेचं (आम्ही खानापूरवाले मत देतो उत्तर कन्नड मतदारसंघात, पण बंदुकीचा आदेश मात्र बेळगावच्या डीसी ऑफिसचा). म्हणजे लागोपाठच्या दोन उन्हाळ्यात हेच. आमच्या गावातले एक काका, सत्तरीच्या घरातले, मुलाच्या गाडीतून बंदूक जमा करायला निघाले होते, बंदूक गोणपाटात गुंडाळून मागच्या सीटवर आडवी टाकलेली, लायसनचं पुस्तक बंडीच्या खिशात. नाक्यावर गाडी थांबवली, गोणपाट बघितलं, आणि पुढं दिवस मावळेपर्यंत दोघं बापलेक रस्त्याकडेला उभे. लायसन खरं, नंबर जुळतोय, जमा करायचा आदेश पण मोबाईलवर दाखवला, तरी ड्युटीवरच्या पोराला हे सोडायचं की धरायचं कळेना कारण त्याला पण कुणी काय सांगितलेलं नव्हतं. मी त्या पोलिसाला दोष देत नाही साहेब. गोणपाटात बंदूक दिसल्यावर कोण पण थांबवणारच, थांबवायलाच पाहिजे. फक्त पुढं काय करायचं ते त्याच्याकडं पण लिहिलेलं नव्हतं आणि काकांकडं पण नव्हतं.

कायद्यात काय नाही असं नाही. शस्त्र कायदा 1959 चा, त्याचे नवे नियम 2016 चे, आणि 2019 च्या दुरुस्तीनं लायसनची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं झाली, एका माणसाला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवायची मर्यादा आली, हे सगळं आम्हाला माहीत आहे. 2016 च्या नियमात सार्वजनिक जागी बंदूक कशी न्यायची ते पण आहे, लांब बंदूक असेल तर तिच्यासाठीच बनवलेल्या कव्हरमध्ये, पूर्ण झाकलेली, आणि नेणाऱ्याच्या ताब्यात राहील अशी. कायद्याच्या तिसऱ्या कलमात असं पण आहे की लायसनवाला बरोबर असेल, नाहीतर त्यानं लेखी अधिकार दिला असेल, तर दुसरा माणूस पण रिपेरीला किंवा लायसनच्या रिन्यूअलला बंदूक घेऊन जाऊ शकतो. हे किती जणांना माहीत आहे? म्हातारा बाप घरी आणि मुलगा एकटाच बंदूक घेऊन रिपेरीला निघालाय, खिशात बापाची चिठ्ठी नाही, मूळ लायसन नाही, नुसतं झेरॉक्स. अशा पोरावर बिनलायसनची बंदूक बाळगल्याची केस बसली तर 2019 नंतर कमीत कमी दोन वर्षांची शिक्षा आहे. एका चिठ्ठीपायी पोराचं आयुष्य मोडतं.

आता आमच्या लोकांबद्दल पण बोलतो, कारण नुसतं सरकारकडं बोट दाखवून भागणार नाही. गाडीतून बंदूक नेताना आमच्यात हयगय फार आहे. बोलेरोच्या सीटखाली भरलेली बंदूक, डॅशबोर्डच्या कप्प्यात सुट्टी काडतुसं, त्याच्याच बाजूला बिडीचं बंडल आणि काडेपेटी. काडतुसाची बंदूक असली तर निदान मधून उघडून नळीतून आरपार बघता तरी येतं, रिकामी की भरलेली. ठासणीची बंदूक, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची ती, तशी बघून कळत नाही. आत दारू आणि छर्रे ठासलेले असले तरी बाहेरून ती रिकामीसारखीच दिसते, वरची कॅप (दारू पेटवणारी टोपी) काढली की झालं असं लोक समजतात, ते खरं नाही, आत बार तसाच असतो. आमच्याकडं जुने लोक एक करायचे, रिकाम्या नळीत गज (दारू ठासायची काठी) पूर्ण खाली सोडून तोंडापाशी गजावर खूण करून ठेवायचे. परत कधी शंका आली की गज सोडून बघायचा, खूण नळीच्या तोंडाला आली तर रिकामी, खूण वर राहिली तर आत बार आहे. एका मिनिटाचं काम आहे, पण आताच्या पोरांना ते कुणी दाखवलेलंच नाही. आणि असली भरलेली बंदूक खड्ड्या-खड्ड्यातून पिकअपमध्ये आदळत जाते, नळीचं तोंड कुणाच्या पोटाकडं आहे ते कुणाला माहीत नसतं, हे मनात आलं तरी अंगावर काटा येतो.

मी गावात सांगत असतो ते इथं पण लिहितो. बंदूक घरीच रिकामी करा, गाडीत बसल्यावर नाही, आणि दुसऱ्या माणसाकडून पण एकदा बघून घ्या. कव्हरमध्ये घालून डिक्कीत ठेवा, कव्हर नसलं तर शिवून घ्या, गोणपाट नको. काडतुसं वेगळ्या डब्यात, कुलूप लावून, बंदुकीपासून लांब, आणि ठासणीची असेल तर दारू आणि कॅप एका डब्यात अजिबात नको. काडतुसं लायसनवर लिहिलंय तेवढीच. मूळ लायसन आणि आधार हाताशी ठेवा, डिक्कीत बंदुकीजवळ नको, नाहीतर कागद काढायला म्हणून बंदुकीकडं हात जातो आणि पोलीस घाबरतो. नाक्यावर काच खाली करून, दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून, आधी तोंडानं सांगा की साहेब डिक्कीत लायसनची बंदूक आहे, रिकामी आहे, जमा करायला चाललोय. डिक्की त्यांना उघडू द्या. वाटेत हॉटेलला, लग्नाला, पाव्हण्याकडं थांबायचं नाही, गाडी बंद करून बंदूक आत टाकून जायचं तर मुळीच नाही. लग्नाच्या वरातीत तर बंदूक दिसायलाच नको, हवेत बार काढून कुणाच्या जिवाला धोका केला तर आता दोन वर्षांपर्यंत जेल नाहीतर एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि दारू प्यायलेल्या ड्रायव्हरच्या गाडीत बंदूक ठेवायचीच नाही, यावर तर चर्चाच नको.

आता सीमेचं. आमचा जिल्हा कसा आहे तुम्हाला माहीतच आहे. बेळगावातून वेंगुर्ला रोडनं निघालं की उचगाव, तुरमुरी, बाची करत पुढं शिनोळी, तिथं महाराष्ट्र लागला. निपाणीच्या पुढं कोगनोळी, तिथून कोल्हापूर जिल्हा. जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरला की गोवा. आमच्या लोकांची घरं इकडं आणि जमिनी तिकडं, मुली दिल्यात चंदगडला, सोयरे सावंतवाडीला. पण लायसन कर्नाटकापुरतं असेल तर शिनोळीपासून पुढं ते चालत नाही, आणि रस्ता सीमेवरून जातोय हे काय कुणी कोर्टात ऐकून घेणार नाही. पूर्ण भारतासाठी व्हॅलिडिटी मागायला गेलं की साध्या शेतकऱ्याला ती कशाला पाहिजे असं विचारतात. द्यायची नसेल तर नका देऊ, पण निदान लायसन देताना तोंडी तरी सांगा की बाबा ही नळी घेऊन सीमा ओलांडायची नाही. सीमेचा वाद सुप्रीम कोर्टात 2004 पासून आहे, तो कधी सुटेल तेव्हा सुटेल, नाक्यावरच्या शेतकऱ्याला त्याच्यात ओढू नका एवढंच.

जंगलाचं तर आणखी अवघड. आमच्या तालुक्यातलं भीमगड अभयारण्य 2011 ला जाहीर झालं. वन्यजीव कायदा 1972 चं कलम 31 सांगतं की लेखी परवानगीशिवाय हत्यार घेऊन अभयारण्यात शिरायचं नाही, आणि कलम 34 सांगतं की अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या लायसनवाल्यानं वन खात्याकडं नाव नोंदवायला पाहिजे. हेमाडगा, गवाळी, कृष्णापूर ही गावं अभयारण्याच्या पोटातली. तिथल्या माणसानं डीसींच्या आदेशाप्रमाणं बंदूक जमा करायला खानापूरला न्यायची म्हटलं तर पहिलं पाऊलच अभयारण्यात पडतं. पोलिसांचा आदेश पाळायला निघाला आणि वन खात्याच्या गेटवर शिकारी म्हणून सापडला, अशी ही गत. फॉरेस्टवाल्यांना शंका येणं साहजिक आहे, शिकार करणारे पण ह्याच रस्त्यानं जातात आणि त्यांना धरलंच पाहिजे, आमचं जंगल आहे ते. पण खरा शेतकरी कोणता आणि शिकारी कोणता हे ओळखायला गेटवर एक यादी तरी असावी ना.

पोरांचं पण एक आहे. आमच्या भागातली काही मुलं-मुली नेमबाजी शिकायला कोल्हापूरला जातात. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, आणि 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकला ब्राँझ आणलेला राधानगरीचा स्वप्नील कुसाळे, हे बघून पोरांना वेड लागलंय, आणि चांगलंच वेड आहे. त्यांची एअर रायफल .177 मापाच्या नळीची, छर्ऱ्याचा जोर 20 ज्यूलच्या आतला, तिला लायसन लागत नाही. पण गाडीच्या मागच्या सीटवर लांब केस दिसली की नाक्यावर पोरगी रडकुंडीला येते. रायफलची बिल पावती आणि क्लबचं कार्ड बरोबर ठेवा असं मी आई-बापांना सांगतो. नाक्यावरच्या माणसाला पण हा फरक माहीत पाहिजे.

म्हणून साहेब, मागणं असं आहे. जमा करायच्या आदेशातच चार ओळी घाला की लायसनवाला माणूस मूळ लायसन घेऊन, बंदूक रिकामी, कव्हरमध्ये, काडतुसं वेगळी, घरापासून स्टेशनपर्यंत सरळ रस्त्यानं नेत असेल तर हत्यारबंदीचा आदेश त्याला लागू नाही. परत आणताना पण तेच, कारण परत न्यायच्या दिवशी पण रस्ता तोच असतो. आदेश कन्नड आणि मराठी दोन्हीत काढा, ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावा, आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना कन्नड वाचता येत नाही आणि चूक झाली की भोगायला त्यांनाच लागतं. अभयारण्यातल्या आणि काठावरच्या गावात ठरलेल्या एका दिवशी बीटच्या पोलिसांनी आणि वनरक्षकांनी मिळून येऊन बंदुका तिथंच जमा करून घ्याव्यात, पावती तिथंच द्यावी, म्हणजे रस्त्यावर बंदूकच नको. आणि इलेक्शन कमिशनचीच सूचना आहे की कुणाची बंदूक जमा करायची ते स्क्रीनिंग कमिटीनं माणूस बघून ठरवावं, तर ज्याच्यावर एक पण केस नाही आणि ज्याच्या उसात दर रात्री रानडुकरं आणि गवे असतात त्याचा अर्ज कमिटीनं खरोखर वाचावा, सरसकट सगळ्यांना एकाच मापानं मोजू नये.

डिसेंबरात अधिवेशनाला तुम्ही बेळगावच्या सुवर्णसौधला (विधानभवनाला) येता. तेव्हा डीसी साहेब, पोलीस कमिशनर, एसपी आणि वन खात्याचे डीएफओ ह्या सगळ्यांना एका टेबलावर बसवा, ह्या कामाला अर्धा तास पुरे. पुढचं इलेक्शन लागायच्या आधी हा कागद निघाला तर बरं होईल. ह्या पत्राची कन्नड प्रत तुमच्या ऑफिसला रजिस्टर पोस्टानं पाठवतोय.

आपला,
खानापूर तालुक्यातला एक लायसनधारक शेतकरी