बाणाचा वेग विचारता, अंतर काहून नाही विचारत?

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही धनुष्यबाणावर अर्धं पान दिलं ते पाहून लय बरं वाटलं. आपल्या नागपूरच्या ओजस देवतळेनं २०२३ मध्ये बर्लिनला वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली, फायनलला १५० पैकी १५०, तेव्हापासून आमच्या मैदानावर पोट्ट्यांची गर्दी वाढली आहे आणि पेपरनं तिकडे लक्ष द्यायलाच पाहिजे. पण त्या लेखातलं एक वाक्य मला दोन दिवस झाले झोपू देऊन नाही राहिलं. त्यात लिहिलं आहे की आजचा कंपाउंड (चाकं लावलेलं मशीनवालं धनुष्य) सेकंदाला तीनशे फुटांच्या वर बाण फेकतो, जंगलातल्या बांबूच्या धनुष्याला त्याच्या अर्ध्यापर्यंत पोचायचीही मारामार, म्हणून जुनं धनुष्य शिकारीसाठी कमकुवत होतं. हे बरोबर नाही. मी तीस वर्षं मास्तरकी केली, त्यातली सात गडचिरोलीच्या भामरागड तालुक्यात, आणि धनुष्य हातात धरून आता पस्तीस वर्षं होत आली, त्यामुळे हे असंच सोडून देणं मला जमणार नाही.

आधीच सांगून टाकतो, मी शिकारीची वकिली करत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं आपल्याकडे शिकारीला बंदी आहे आणि ती राहिलीच पाहिजे, ताडोबा आणि पेंचच्या मधात राहणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. पण अमेरिकेत परवाना घेऊन, ठरलेल्या सीझनमध्ये, धनुष्यानं हरीण मारायला परवानगी आहे आणि तिथले बरेच लोक मशीनवालं सोडून मुद्दाम साधं लाकडी धनुष्य घेऊन रानात जातात. त्यांच्यातही हा वाद कायम चालू असतो, की साध्या धनुष्याच्या बाणाला वेग किती पाहिजे. म्हणजे प्रश्न खरा आहे, फक्त उत्तर तुमच्या लेखात आहे तेवढं सोपं नाही.

थोडा हिशोब करू, शिक्षक माणूस आहे, सवय जात नाही. साधं चांगलं धनुष्य, ४५-५० पौंड ओढीचं (म्हणजे दोरी पूर्ण ओढायला तेवढा जोर लागतो), सेकंदाला दीडशे ते एकशे नव्वद फुटांच्या मधात बाण फेकते, आपण १८० धरू. कंपाउंडचे ३०० धरू. हरीण उभं आहे २० यार्डांवर म्हणजे ६० फुटांवर, क्रिकेटच्या पिचपेक्षा जरासं कमी. साध्या धनुष्याच्या बाणाला तिथं पोचायला लागतो सेकंदाचा तिसरा हिस्सा, कंपाउंडला पाचवा हिस्सा. पण दोरीचा जो "टण्" आवाज होतो तो सेकंदाला अकराशे फुटांच्या वर वेगानं जातो, तो सेकंदाच्या विसाव्या हिश्श्यातच हरणाच्या कानात. म्हणजे बाण कोणताही असो, आवाज त्याच्या आधीच पोचला. आणि हरीण दचकलं की आधी खाली दबतं, उडी घ्यायला पायात बळ जमवतं, आणि तेवढ्यात बाण पाठीवरून निघून जातो. तिकडचे शिकारी याच्यापायी किती हरणं हुकली ते सांगत असतात. ध्वनीच्या पुढे जाईल असं धनुष्य आजपर्यंत कोणी बनवलं नाही, मग तीनशे फुटांचं एवढं कौतुक कशाला.

आता हीच गोष्ट १० यार्डांवर करून बघा. साध्या धनुष्याचा बाण सेकंदाच्या सहाव्या हिश्श्यात पोचतो आणि आवाज ऐकल्यावर हरणाच्या हाती जेवढा वेळ उरतो तो जवळपास तेवढाच आहे जेवढा २० यार्डांवर कंपाउंडसमोर उरला असता. म्हणजे लाखभर रुपयांचं मशीन जे देते तेच तुम्ही दहा यार्ड जवळ जाऊन मिळवलं, फुकटात. फुकटात म्हटलं खरं, पण ते दहा यार्ड जवळ जाणं हीच तर सगळी विद्या आहे, वारा कुठून येतो, वाळलेली पानं कुठं आहेत, जनावराची मान खाली कधी जाते, हे ज्याला कळते त्यालाच जमते.

भामरागडला मला हे एका माडिया आदिवासी म्हाताऱ्या बाबांनी शिकवलं, गणित न करता. पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की गाव तुटायचं, शाळा बंद, मग मी त्यांच्या अंगणात जाऊन बसायचो. धनुष्य बांबूचं, दोरी पण बांबूचीच, सोलून काढलेली पट्टी, बाणाच्या टोकाला लोहारानं ठोकलेलं पातं. त्यांनी शिकार केली ती तरुणपणी, कायद्याच्या आधी, मी गेलो तेव्हा ते फक्त केळीच्या खुंटावर मारून दाखवायचे. बाण मारायच्या आधी पातं अंगठ्याच्या नखावर हलकं टेकवायचे, नखात रुतलं तर ठीक, घसरलं तर परत दगडावर. एकदा घासायला बसले की अर्धा तास गेला तरी मान वर नाही. मी एकदा उत्साहात चाळीस पावलांवरचं मोहाचं झाड दाखवलं, म्हटलं बाबा तिथं मारून दाखवा. त्यांनी धनुष्य खालीच ठेवलं. म्हणाले, एवढ्या लांबून कशाला गुरुजी, जवळ जा न. मला तेव्हा वाटलं धनुष्यात दम नाही म्हणून टाळून राहिले. किती वर्षांनी कळलं की तो नकार हेच उत्तर होतं.

तुमच्या लेखात जी तुलना आहे त्यात मूळ गडबड अशी, की बाणाला बंदुकीच्या गोळीसारखं धरलं आहे. रायफलची गोळी सेकंदाला अडीच-तीन हजार फूट जाते, तिच्या वेगानं आतलं मांस फाटून जनावर पडते. बाण तसा वेगानं नाही मारत, कापून मारतो, रक्त वाहून. मग प्रश्न असा की पातं किती धारदार, बाण किती सरळ गेला आणि किती खोल गेला. हलत डुलत जाणारा बाण, ज्याचा कडकपणा धनुष्याशी जुळत नाही तो, कितीही जोरात असला तरी आत जातानाच आपली ताकद वाकण्यात घालवतो. आणि खोलीसाठी वेगापेक्षा वजन जास्त कामी येते.

हे मी वाचून नाही सांगत, करून पाहिलं. दोन बाण घेतले, इतवारीत ओळखीच्या सराफाच्या काट्यावर तोलून घेतले, एक २४ ग्रॅमचा आणि एक ३६ ग्रॅमचा. (तिरंदाजीत वजन ग्रेनमध्ये मोजतात आणि आपला जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा, त्यामुळे सराफाला सांगितलं की भाऊ एक दोन तोळ्यांचा बाण आहे आणि एक तीन तोळ्यांचा, तर त्याला लगेच समजलं.) धनुष्य तेच, ४५ पौंडांचं, अंतर १८ मीटर. मोबाईलवर स्लो मोशन लावलं, सेकंदाला २४० फ्रेम, आणि बाण सुटल्यापासून लागेपर्यंतच्या फ्रेम मोजल्या. हलका ७७ फ्रेममध्ये पोचला, जड ९० मध्ये. म्हणजे हलका सेकंदाला ५६ मीटर आणि जड ४८. फरक फक्त १३ फ्रेमचा, सेकंदाचा जेमतेम विसावा हिस्सा. पण वजन गुणिले वेग केलं की जड बाणाचा संवेग हलक्यापेक्षा साडेअठ्ठावीस टक्क्यांच्या आसपास जास्त भरतो, आणि ऊर्जा पण दहा टक्के जास्त. एकच धनुष्य, एकच हात, तरी ऊर्जा वाढली कशी? कारण जड बाण धनुष्यातली ताकद जास्त घेऊन जातो. हलका बाण घेऊ शकत नाही, मग उरलेली ताकद धनुष्यातच राहते, हाताला झिणझिण्या येतात आणि आवाज मोठा होतो. म्हणजे बघा, वेगासाठी बाण हलका केला तर आवाजही वाढवून बसलो, जे हरणाला सावध करते तेच. अगदीच हलका केला तर रिकामी दोरी सोडल्यासारखं होऊन धनुष्यच तुटते, एका पोट्ट्याचं नवं धनुष्य असंच गेलं माझ्यासमोर.

गोणपाटाच्या घड्या बांधून त्यावर मारलं तेव्हा जड बाण दर वेळी जास्त आत, एकदाही उलटं नाही झालं. अमेरिकेतल्या डॉ. एड ॲशबी यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या नाताल प्रांतात मोठ्या जनावरांवर वर्षानुवर्षं हेच तपासलं आणि जाड हाडातून जायचं असेल तर ६५० ग्रेनच्या वर बाण ठेवा असा आकडा काढला, आपल्या हिशोबात साडेतीन तोळ्यांच्या वर.

मग वेगाला काहीच अर्थ नाही का? आहे, आणि तो लपवायचा नाही. वेग असला की बाण कमी खाली पडतो, त्यामुळे अंतराचा अंदाज चुकला तरी माफी मिळते. तुम्ही २० यार्ड समजून मारलं आणि जनावर २५ वर निघालं तर १८० फूटवाला बाण साधारण १७ सेंटिमीटर खाली लागतो, ३०० वाला ६. सतरा सेंटिमीटर म्हणजे छातीऐवजी पाय, आणि जखमी जनावर रानात मरत फिरणार. ही गंभीर गोष्ट आहे. पण साध्या धनुष्यात हलका बाण घालून तुम्ही वाढवून किती वाढवणार, वीस-तीस फूट सेकंदाला. त्यानं ही चूक काही भरून येत नाही. अंतर कमी करूनच येते. म्हणूनच तिकडचे जुने जाणकार साध्या धनुष्यानं पंधरा-वीस यार्डांच्या पुढे मारत नाहीत, आणि बाबा चाळीस पावलांवर मारायला तयार नव्हते ते याच्यासाठीच.

इशीची गोष्ट इथं सांगितल्याशिवाय राहवत नाही. कॅलिफोर्नियातल्या याही लोकांतला हा शेवटचा माणूस, १९११ मध्ये ओरोव्हिल गावात एकटा सापडला, नंतर सॅन फ्रान्सिस्कोच्या म्युझियममध्ये राहिला आणि १९१६ मध्ये वारला. सॅक्स्टन पोप नावाचा डॉक्टर त्याच्याकडून तिरंदाजी शिकला. इशीचं धनुष्य ४५ पौंडांच्या आसपासचं, आज आमच्याकडे कॉलेजची मुलगी ओढते तेवढं. लांबच्या गोल टार्गेटवर मारायचं म्हटलं की पोप त्याच्या पुढे जायचा. पण रानात इशी ओठांनी आवाज काढून सशाला दहा-बारा यार्डांपर्यंत बोलवून घ्यायचा. त्याला कोणी सेकंदाला किती फूट असं विचारलं असतं तर त्यानं काय सांगितलं असतं?

आणि ते तीनशे चाळीस फूट वगैरे जे कॅटलॉगमध्ये छापून येतात त्याबद्दलही वाचकांना सांगायला पाहिजे होतं. तो आकडा ७० पौंड ओढ, ३० इंच खेच (दोरी मागे किती ओढली ते अंतर) आणि ३५० ग्रेनचा हलका बाण धरून काढलेला असतो. आपल्या बहुतेक पोरांची खेच २७-२८ इंच, आणि एक इंच कमी झाला की दहाएक फूट वेग गेलाच, बाण जड घेतला की अजून गेला. स्पर्धेत तर कंपाउंडला ६० पौंडांच्या वर परवानगीच नाही. आईबाप कर्ज काढून आकडा विकत घेऊन राहिले आणि पोरगं घरी आल्यावर म्हणते, बाबा इतका नाही येत. मैदानावर नवीन आलेला प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो, सर फूट किती? कोणी विचारत नाही की बाण तोलला का, पात्याला धार आहे का, दोरी किती वाजते. मी माझ्या धनुष्याच्या दोरीला दोन्हीकडे लोकरीचे गोंडे बांधले आहेत आवाज मारायला, पोट्टे आधी हसायचे, आता चौघांनी बांधले.

माझी विनंती एवढीच, की पुढच्या अंकात तो कमकुवत शब्द दुरुस्त करा. ज्या लोकांनी त्या बांबूवर पिढ्यान् पिढ्या पोट भरलं त्यांना आपण एका आकड्यावरून मागास ठरवून मोकळे होतो, याचं फार वाईट वाटते. आणि ज्यांनी लेख लिहिला त्यांना येत्या रविवारी सकाळी साडेसहाला, ऊन चढायच्या आत, मैदानावर पाठवा. दोन्ही बाण आणि गोणपाट मी आणतो. त्यांनी वीस पावलांवर पाठ करून, डोळे मिटून उभं राहायचं, आणि फक्त दोरीचा आवाज ऐकून सांगायचं की आता दोन तोळ्यांचा सुटला की तीन तोळ्यांचा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
मानेवाडा, नागपूर