साहेब, आपल्याकडे सी-१७ अकराच आहेत!

माननीय संरक्षणमंत्री, भारत सरकार,
सादर नमस्कार.

मी पुण्यात लोहगावला राहतो. विमानांच्या आवाजाची आम्हाला सवय आहे. पण एप्रिल २०२१ मध्ये हवाई दलाच्या सी-१७ या अवजड मालवाहू विमानानं इथून ऑक्सिजनचे दोन रिकामे कंटेनर जामनगरला नेले, तेव्हा मी वडिलांच्या बोटाला दर अर्ध्या तासानं ऑक्सिमीटर लावून आकडा बघत होतो. भरलेले कंटेनर विमानातून आणणं धोक्याचं, म्हणून येताना रस्ताच. तरी जाण्याचा वेळ वाचला. त्या दिवसांत एकेका तासाचं मोल काय होतं, ते ज्याच्या घरात रुग्ण होता त्यालाच ठाऊक.

तेव्हापासून या विमानाबद्दल मिळेल ते वाचतो आणि जीव टांगणीला लागतो. अमेरिकेतल्या लाँग बीचच्या कारखान्यातून शेवटचं सी-१७ २०१५ मध्येच बाहेर पडलं. आपलं अकरावं २०१९ मध्ये आलं. आता पैसे मोजायची तयारी असली तरी नवं मिळणार नाही. जोडीला असलेली आयएल-७६ ही मालवाहू विमानं तर ऐंशीच्या दशकापासून राबताहेत.

मध्यम मालवाहू विमानं घ्यायचं चाललंय, ती जरूर घ्या. पण त्यांनी ही उणीव भरून निघणार नाही. टी-९० रणगाडा साधारण ४६ टनांचा. स्पर्धेतलं सगळ्यात दणकट ए-४००एम ३७ टनांपर्यंतच उचलतं. सी-१७ ची ताकद ७७ टनांची.

हंगेरीतल्या पापा तळावर बारा देश मिळून तीन सी-१७ चालवतात. उड्डाणाचे तास वाटून घेतात, वैमानिकही वेगवेगळ्या देशांचे. एस्टोनिया, स्लोव्हेनियासारख्या चिमुकल्या देशांना एकट्यानं हे कधी झेपलं नसतं. आपण आपली विमानं कुणाच्या ताब्यात द्यावीत असं मी म्हणत नाही. पण सुटे भाग, इंजिनांची दुरुस्ती, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण यांसाठी तरी ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, कतार, अमिराती, कुवेत यांच्याबरोबर बसून पक्का करार करा. कारखाना बंद झाल्यावर सगळ्यांचीच अडचण सारखी आहे.

आणि एक विनंती. या अकरा विमानांचं आयुष्य किती उरलंय आणि त्यानंतर जड ओझं कोण उचलणार, हे येत्या अधिवेशनात संसदेत सांगा. काबूलहून माणसं आणायची होती तेव्हा हेच विमान गेलं, तुर्कस्तानात भूकंप झाला तेव्हाही हेच. नवं विमान ठरवून हाती येईपर्यंत दहा-पंधरा वर्षं सहज जातात, म्हणून आजच विचारतोय.

आपला,
लोहगावचा एक रहिवासी