माईंची गोष्ट पल्लवीला सांगू का?

सावईवेरें, फोंडा

प्रिय कुमुद,

इथे सगळं ठीक. ह्यांची साखर औषधांनी आवाक्यात आहे, माझा खांदा पावसात दुखतो तसा दुखतोय. तब्येतीचं एवढंच. पुढचं सगळं नातवाबद्दल, निहारबद्दल आहे आणि ते तुझ्याशिवाय कोणाला लिहिता येणार नाही.

निहारला ऑटिझम आहे. गणेशचवथीच्या आधीच डॉक्टरांनी सांगितलं. दीड वर्षाचा असताना 'बाबा', 'उदक' म्हणायचा, मग हळूहळू शब्द थांबले. काही मुलांच्या बाबतीत असं होतं म्हणे. आता चार वर्षांचा आहे. बोट दाखवून काही मागत नाही. पाणी हवं असलं की माझं मनगट धरतो आणि माझा हात नळावर नेऊन ठेवतो. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला चोडणचं तुमचं स्वयंपाकघर आठवलं. तुझा भाऊ मधू तुमच्या आईचा, माईंचा हात असाच फडताळाकडे न्यायचा, पोह्यांच्या डब्यासाठी. आठवतं ना?

चवथीला जुन्या घरी सगळे जमलो होतो. आरतीला घुमट, शामेळ, कांसाळें एकदम सुरू झाली आणि निहारने कान गच्च दाबले, मग किंचाळत जमिनीवर लोळला. सुनेने, पल्लवीने त्याला उचलून मागच्या पडवीत नेलं. आरती संपल्यावर मोठ्या जाऊबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आई दिवसभर नोकरीला, पोराच्या हातात मोबाईल. होणार काय दुसरं?" पल्लवी काही बोलली नाही. पातोळ्या वाढत राहिली. तिचा चेहरा पाहिला आणि मला माई दिसल्या गो. मुंबईहून परत आल्या तेव्हाच्या.

१९७२ साल होतं. मधू सहा वर्षांचा. त्या मोठ्या डॉक्टरांनी माईंना तोंडावर सांगितलं होतं की आईने मुलाला माया लावली नाही, म्हणून मूल आत आत गेलं. त्यानंतर माई आमच्याकडे हळदीकुंकवालाही येईनाशा झाल्या. मुलाने, अमेयने मला यातलं बरंच वाचायला आणून दिलंय, रात्री तेच वाचत बसते. अमेरिकेतल्या लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरांनी १९४३ साली अकरा मुलांबद्दल पहिल्यांदा लिहिलं, आणि पुढे त्यांनी आणि इतरांनी आईबापांच्या थंडपणाला बोल लावला. १९६४ साली बर्नार्ड रिमलँड यांनी, जे स्वतः अशाच मुलाचे वडील होते, ते खोडून काढलं. कॅनर यांनीही १९६९ साली पालकांच्या सभेत उभं राहून आईबापांना दोषमुक्त केलं. १९७७ साली ब्रिटनमध्ये २१ जुळ्या जोड्यांचा अभ्यास झाला आणि याचं मूळ बरंचसं आनुवंशिक असल्याचं दिसलं. म्हणजे माई मुंबईला गेल्या त्याच्या तीन वर्षं आधीच तो ठपका पुसला गेला होता, कुमुद! आणि माईंनी तो जन्मभर वागवला. मला हे वाचून इतका राग आला की उठून अंगणात फेऱ्या मारल्या.

तोच ठपका आता मोबाईलचं नाव घेऊन माझ्या सुनेच्या दारात आलाय. ते मी होऊ देणार नाही.

त्यात मस्कतच्या पुतण्याने घरच्या ग्रुपवर पाठवलं की लसीमुळे होतं. निहारच्या धाकट्या बहिणीची गोवर-रुबेलाची लस तोंडावर आलीय आणि घरात कुजबुज सुरू झाली, थांबू या का म्हणून. तो सगळा घोळ १९९८ सालच्या एका लेखाचा, फक्त बारा मुलांवर लिहिलेल्या. २०१० साली मासिकाने तो मागे घेतला आणि लिहिणाऱ्या वेकफील्डचं डॉक्टरकीचं नाव नोंदणीतून काढलं गेलं. लाखो मुलं तपासूनही लसीशी संबंध सापडलेला नाही. धाकटीला मी स्वतः घेऊन जाणार आहे.

आता जरा गंमत सांगते. आमचा निहार भर दुपारी दारात उभा राहून कंडक्टरच्या आवाजात ओरडतो, "पणजी पणजी पणजी!" अगदी कदंब बसची हाक. आम्ही हसायचो. त्याच्या थेरपिस्टने विचारलं, हे तो कधी म्हणतो? पल्लवीने लक्ष ठेवलं तर तो बाहेर जायचं असलं की म्हणतो. तहान लागली की "चाय घेतली?" म्हणतो, कारण पाहुण्यांना आम्ही तेच विचारतो. ऐकलेलं वाक्य तो जसंच्या तसं वापरतो, पण त्यात त्याचं मागणं असतं. मधू तुमच्या भटजींचा संकल्प म्हणायचा तो कधी म्हणायचा गो? भूक लागली की? नैवेद्याची वेळ म्हणून? मला आता एकदम वाटायला लागलंय की आपण तो विनोद समजत होतो आणि तो जेवण मागत होता.

(आणि मधूने माझी कंपासपेटी विहिरीत टाकली त्यात चूक तुझीच होती. काठावर तू ठेवली होतीस. यावर मी अजून ठाम आहे.)

थेरपिस्ट पल्लवी आणि निहारचा खेळतानाचा व्हिडिओ काढते, मग दोघी तो बघतात. चुका काढत नाही. "इथे तू थांबलीस, बघ, म्हणून त्याने मान वर केली," असं दाखवते. ही रीत आपल्या गोव्यातही पारखलेली आहे. पर्वरीच्या संगथ या संस्थेने पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या लोकांबरोबर ६५ मुलांवर अभ्यास केला होता, तज्ज्ञ नसलेल्या, तयार केलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांकडून. आईबापांचं वागणं मुलाच्या चालीशी जुळू लागलं आणि मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली, असं त्यात दिसलं. वाचताना माईच डोळ्यांसमोर होत्या. मधू बिथरला की त्या त्याला रायबंदरच्या फेरीबोटीत बसवून या काठावरून त्या काठावर न्यायच्या, गप्प, त्याच्याबरोबर पाण्याकडे बघत. लोक माईंनाच वेडी म्हणायचे. इंजिनाची ती एकसुरी थरथर त्याला शांत करते, हे त्यांनी आपलं आपण ओळखलं होतं.

म्हणून तुला विचारते. माईंची गोष्ट पल्लवीला सांगू का? मुंबईची, फेरीची, सगळी. तुझ्या घरातली गोष्ट आहे, तुझ्या होकाराशिवाय मी तोंड उघडणार नाही. पण तिला सध्या वाटतंय की जगात असं तिच्या एकटीवर आलंय. डॉक्टर समजावतात ते तिला पटतं, आणि रात्री मला विचारते, "आई, मी गरोदरपणी सुट्टी लवकर घ्यायला हवी होती का?" तिला कागदावरचं ज्ञान पुरत नाहीये. तिला एक बाई हवी जिने हे केलंय.

दुसरं, अमेयला झोप लागत नाही ते आमच्यानंतर काय या काळजीने. मी म्हटलं, अजून पोर चार वर्षांचं आहे. पण विचार तर येतोच. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून कायदेशीर पालक नेमता येतो, हे तू मधूसाठी केलंस ना? कागद कोणते लागले, किती खेटे घालावे लागले, ते अमेयला फोनवर सांग. माझ्याकडून ऐकण्यापेक्षा तुझ्याकडून ऐकलेलं त्याला धीर देईल.

तुझा गुडघा कसा आहे? ऑपरेशनची तारीख मिळाली का? शर्वरीची बदली रद्द झाली हे ऐकून बरं वाटलं. बेळगावची हवा मानवते ना दोघांना? मधूला माझा नमस्कार सांग, आणि सांग की कंपासपेटीचं मी त्याला कधीच माफ केलंय, त्याच्या बहिणीला नाही.

आणि एक फार निकडीचं. निहार केस कापू देत नाही. कात्रीचा आवाज झाला की अंग टाकतो, पल्लवी झोपेत थोडे थोडे कापते. मधूचे केस तर नेहमी नीट असायचे. माई ते कसं करायच्या? आधी काय दाखवायच्या, कुठे बसवायच्या, हातात काय द्यायच्या, जे आठवेल ते सगळं लिही. अक्षर तेवढं वाचता येईल असं काढ, मागच्या वेळी अर्धं पत्र ह्यांच्याकडून लावून घ्यावं लागलं.

तुझी,
शोभा